व्यायामास वेळ कसा काढावा?

‘वेळ मिळत नाही’ ही व्यायाम टाळण्याची नित्याची सबब होय. मुंबईच्या गोरेगाव उपनगरातील नोकरदारांचा बराच वेळ लोकलच्या प्रवासात जातो. तरीही १९४९ साली स्थापन झालेल्या आरे दुग्ध वसाहतीतील झाडीच्या रस्त्यांवर सकाळी फिरावयास येणारे अनेक जण आढळतात. त्यांच्यापाशी वेळ अधिक असतो असे नव्हे. तो त्यांनी राखून ठेवलेला असतो.

खेड्यातील शिक्षकासही हे साधण्यासारखे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला; म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. तो सलगच करावा असे बंधन नाही. सकाळी दहा मिनिटे सूर्यनमस्कार आणि शाळेस जातायेता दहा-दहा मिनिटे झपझप चालणे, एवढ्याने तो पुरा होतो. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, ही मध्यम श्रमाची खूण.

मुलांना मात्र रोज सरासरी एक तास हालचाल हवी. ती सांगितलेले विसरतात, पाहिलेले उचलतात. म्हणून कवायतीच्या तासास शिक्षकाने स्वतः मैदानात उतरावे. त्यात दोघांचाही व्यायाम होतो.