हॉटेलात गेल्यावर 'काहीही चालेल' म्हणू नका!

मैत्रिणींनो, हॉटेलात जेवायला गेल्यावर मेनूकार्ड आधी कोणाच्या हातात जाते? आमच्याकडे ते ह्यांच्या हातात जाते, तिथून मुलांच्या. माझ्यापर्यंत येईतो वेटर वही मिटत असतो. मग हे विचारतात, "तुला काय गं?" आणि मी म्हणते, "मला काहीही चालेल." टेबलावर येते ते ठरलेले. पनीर बटर मसाला, दाल तडका, रोटी आणि जीरा राइस!

मागच्या हिवाळ्यात आम्ही पुण्याला लेकीकडे गेलो होतो. सासूबाईही बरोबर होत्या. लेकीने आम्हाला एका राजस्थानी हॉटेलात नेले आणि कार्ड सरळ माझ्या हातात दिले. "आई, आज तू सांग. तुला काय आवडतं?"

खरं सांगते, मला उत्तरच सुचेना. ह्यांना भरली वांगी आवडतात, मुलाला बटाट्याच्या काचऱ्या, सासूबाईंना मऊ भात. सगळ्यांचे तोंडपाठ, स्वतःचे मात्र काही केल्या आठवेना! त्यात कार्डावरची नावे परकी. गट्टे, केर-सांगरी... 'नको बाई, नाही आवडले तर पैसे फुकट,' असेही मनात आलेच.

शेवटी धीर करून वेटरला विचारले, "दादा, हे गट्टे म्हणजे काय असतं हो?" तो म्हणाला, "बेसन मळून त्याच्या वळकट्या पाण्यात उकडतात. मग तुकडे करून दह्याच्या रश्श्यात सोडतात."

"अगं, म्हणजे आपल्या पाटवडीचा रस्साच की!" सासूबाई पटकन म्हणाल्या.

झाले, मागवली! पाटवडीचे पीठ आपण आधी शिजवतो आणि मग थापतो. गट्टे मळून उकडतात, एवढाच काय तो फरक. मारवाडात पाण्याचे दुर्भिक्ष, ताजी भाजी कमी. तेव्हा तिथल्या बायकांनी बेसन आणि दही यांवरच भाजी उभी केली. घरात भाजी नसली की आपल्यालाही पिठलेच आठवते, नाही का? एरवी हॉटेलात दहीभाताशिवाय काही न मागणाऱ्या सासूबाईंनी त्या दिवशी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली!

तेच ते का?

पनीर बटर मसाल्याशी माझे भांडण नाही. पण 'हॉटेलचे जेवण' म्हणजे तेवढेच, हे कसे ठरले? १९४७च्या फाळणीनंतर पेशावर-पंजाबकडून आलेल्या निर्वासितांनी दिल्लीच्या हॉटेलांत तंदूर रुळवला. तिथून ती चव देशभर पसरली. बटर चिकन आणि दाल मखनी आधी कोणी केली, यावरून दिल्लीतल्या दोन हॉटेलवाल्यांचे भांडण २०२४ साली तिथल्या उच्च न्यायालयात गेले, एवढा त्या पदार्थांचा मान! पण पुष्कळ हॉटेलांत कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही सकाळीच करून ठेवलेली असते. त्यात पनीर घातले की एक नाव, कोफ्ते घातले की दुसरे. आपण चार नावे मागवतो आणि जिभेला चव एकच!

नात्यातले पदार्थ

गट्ट्यांनी मला एक युक्ती शिकवली. नवा पदार्थ दिसला की तो आपल्या स्वयंपाकघरातल्या कोणाचा नातलग, ते शोधायचे. म्हणजे भीती वाटत नाही.

मंगळूरकडचा नीर डोसा हा आपल्या कोकणातल्या घावनाचा भाऊ. तुळू भाषेत नीर म्हणजे पाणी. भिजवलेला तांदूळ वाटून पाण्यासारखे पातळ पीठ करायचे, आंबवायचे नाही. आंध्रातला पेसरट्टू म्हणजे हिरव्या मुगाचे धिरडे. पोटात उपमा भरून, आल्याच्या चटणीबरोबर देतात. गुजराती खांडवी तर आपली सुरळीची वडीच! केरळचा अवियल पाहिला की भोगीची मिसळीची भाजी आठवते. मात्र त्यात तिळाऐवजी ओले खोबरे आणि दही, वर खोबरेल तेल.

सुरतेकडचा उंधियू हा रायगडातल्या पोपटीच्या जवळचा. 'उंधु' म्हणजे उपडे. पापडी, कंद, रताळी, लहान वांगी मडक्यात भरून ते जमिनीत उपडे पुरायचे आणि वर जाळ करायचा, ही जुनी रीत. हा मात्र थंडीतच मागवा. उन्हाळ्यात ताजी पापडी कुठून आणणार?

काश्मिरी नदरू यखनीचे नाते मात्र मला जुळवता आले नाही. कमळाचे देठ दह्यात शिजवतात. त्यात बडीशेप आणि सुंठ असते, हळद नाही. पांढरी भाजी पाहून ह्यांनी भुवया चढवल्या, पण रस्सा भातावर घेतला आणि गप्प जेवले.

मागवण्यापूर्वी

१. एका वेळी एकच नवा पदार्थ, बाकीचे ओळखीचे. म्हणजे फसले तरी कोणी उपाशी उठत नाही.

२. वेटरला विचारायला लाजू नका. यात मुख्य काय आहे, तिखट किती, पोळीबरोबर खातात की भाताबरोबर, एका प्लेटमध्ये किती जणांचे होते? अर्धी प्लेट मिळते का, तेही विचारा.

३. घरात कोणाला शेंगदाणे, काजू, मोहरी सोसत नसेल, तर ते आधी सांगा.

४. ज्या गावची चव, त्याच रीतीने खा. पहिला घास लिंबू-कांद्याशिवाय घ्या.

५. घरी आल्यावर वहीत दोन ओळी लिहून ठेवा. माझ्याकडे गट्टे आता महिन्यातून एकदा होतात.

प्रत्येक वेळी जमतेच असे नाही हं! मुंबईला एका बंगाली हॉटेलात मी शुक्तो मागवले. कारले, कच्चे केळे, शेवग्याच्या शेंगा यांची ही कडवट भाजी बंगाली लोक जेवणाच्या सुरुवातीला भाताबरोबर खातात. पाडव्याचा कडुनिंब आठवून मी चार घास घेतले. पाचवा काही उतरेना. लेक हसायला लागली. मी म्हटले, "हसू नकोस. मला काय आवडत नाही, ते तरी आज कळलं!"

परवा गावातल्या उडपी हॉटेलात गेलो, तेव्हा ह्यांनी कार्ड आपणहून माझ्याकडे सरकवले. "आज काय नवीन?" मी नीर डोसा सांगितला. मुलाने आधी नाक मुरडले आणि मग माझ्याच ताटलीतला अर्धा पळवला. मी दुसरा मागवला. तो मात्र माझा मीच, एकटीने खाल्ला.