जीप उचलली, आता शाफ्टचं काय?

ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. विषय आहे उचललेल्या जीपचा प्रोपेलर शाफ्ट. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे थोडं गणित येणारच.

भोर-वेल्ह्याकडे (वेल्हे म्हणजे आताचा राजगड तालुका) केळद, मढे घाटाच्या बाजूला दगडी पायऱ्यांसारखे रस्ते लागतात. म्हणून लोक पाटे बदलून गाडी चार इंच उचलतात. पण इंजिन, गिअरबॉक्स वर जातात आणि अ‍ॅक्सल खालीच राहतो. मधला शाफ्ट तिरका होतो.

किती? समजा ट्रान्सफर केस ते डिफरन्शियल आडवं अंतर 60 सेंटीमीटर आणि उंचीतला फरक 10. कोन साधारण साडेनऊ अंश. गाडी आणखी 10 सेंटीमीटर उचला, कोन 18 अंशांच्या वर. लांब गाडीत हेच अंतर 100 असेल तर कोन 11 च्या आसपासच राहतो. आखूड जीपला त्रास जास्त तो यामुळे.

आता गंमत बघा. ज्याला गॅरेजमध्ये आपण ‘क्रॉस’ म्हणतो, तो जॉइंट तिरका फिरला की पुढचा वेग एकसारखा राहत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो, दोनदा कमी होतो. साडेनऊ अंशांना हा फरक दीड टक्क्याच्या आत, 18 ला सुमारे 5 टक्के. म्हणजे कोन दुप्पट, त्रास जवळपास चौपट!

दोन्ही टोकांचे कोन सारखे आणि दोन्ही क्रॉसचे योक एका रेषेत असतील, तर दुसरा क्रॉस पहिल्याची चूक खोडून काढतो. डिफला वेग एकसारखा मिळतो. पण मधला शाफ्ट स्वतः धक्के खातच राहतो, म्हणून कोन सारखे ठेवले तरी मोठा कोन वाईटच.

मग उपाय काय?

पहिला, ट्रान्सफर केस थोडा खाली घेणं. स्वस्त, पण पोटाखालची उंची जाते.

दुसरा, वरच्या टोकाला डबल क्रॉसचा जॉइंट. तो स्वतःच स्वतःची चूक खोडतो. मात्र मग पाट्याखाली पाचर घालून पिनियनचं तोंड शाफ्टच्या रेषेत आणावं लागतं; एक-दोन अंश खालीच ठेवा, कारण जोर लागला की ते वर उचलतं. पुढच्या अ‍ॅक्सलला मात्र अशी पाचर जपून, कारण स्टिअरिंगचा कॅस्टर बिघडतो.

तिसरं, चाक पूर्ण लोंबकळतं तेव्हा स्प्लाइन किती उरते ते जॅकवर तपासा. कोन मोजायला मोबाइलमधलं अ‍ॅप पुरतं: ट्रान्सफर केसचं तोंड, शाफ्ट, पिनियन.

एवढं डोकं का लावायचं? जुन्या विलीज पद्धतीच्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावर असतो. वरंधा घाट उतरताना मागचा शाफ्ट तुटला, तर टू-व्हीलमध्ये इंजिनचा ब्रेकही जातो आणि हँडब्रेकही. उरतो फक्त पायाखालचा. त्यामुळे क्रॉसला ग्रीस द्या, आणि वेग वाढला की खालून घरघर येत असेल तर घाटाआधीच गाडी थांबवून शाफ्ट हाताने हलवून बघा.

आणि हो, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 फेरफारांबद्दल कडक आहे. पाना हातात घेण्याआधी आरटीओत विचारून घ्या.