पर्वत झिजतात, तरी उभे कसे?

कोसाडच्या सपाट भूमीवरून पाहिले असता जवळपास एकही डोंगर दृष्टीस पडत नाही. तथापि या भूमीचे डोंगरांशी जवळचे नाते आहे. सातपुडा व सह्याद्री यांच्या उतारांवरील माती तापी, गिरणा, पांझरा या नद्यांनी युगानुयुगे वाहून आणली. तिचेच हे मैदान बनले. खानदेशातून पोटापाण्यासाठी सुरतेस आलेल्या कुटुंबांच्या आधी त्यांच्या डोंगरांची माती येथे येऊन पोहोचली होती!

मग साहजिकच प्रश्न उद्भवतो. सह्याद्रीचा काळा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हारस. इतके पावसाळे सोसूनही कळसूबाई आज १६४६ मीटर उंच कशी?

या कोड्याची किल्ली हिमालयाने दिली, आणि ती शोधण्यास एका अँग्लिकन धर्मगुरूचे गणित कारणी लागले. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट यांनी हिमालय ओळंब्याला आपल्याकडे किती ओढील, याचा हिशेब केला. प्रत्यक्ष मोजणीत मात्र ती ओढ अपेक्षेच्या सुमारे एक-तृतीयांशच भरली. १८५५ साली इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी याचा उलगडा केला. पर्वताला खाली खोलवर मूळ असते, व हे हलके मूळ भोवतालच्या अधिक जड खडकात बुडालेले असते. म्हणून एकंदर ओढ कमी भरते.

वाचकहो, मालाने भरलेला पडाव डोळ्यांपुढे आणा. एकेक पोते उतरवावे, तसतसा तो पाण्यातून वर येतो. पर्वताचेही तसेच आहे. पृथ्वीच्या कवचाखालील खडक पाण्यासारखा पातळ नाही. परंतु उष्णतेमुळे तो लाखो वर्षांच्या अवधीत संथपणे सरकतो. विस्तृत प्रदेशावरील १०० मीटरांचा थर झिजून गेला, तर भूमी सुमारे ८० मीटर वर उचलली जाते. उंची घटते ती केवळ २० मीटरच. नद्यांनी दऱ्या खोल कोरल्या आणि शिखरे मात्र टिकून राहिली, तर ती शिखरे पूर्वीहूनही उंच होऊ शकतात.

हिमालयात याला आणखी एका शक्तीची जोड मिळते. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आशियावर आदळला. तो रेटा अद्याप थांबलेला नाही. शिवाय अरुण नदीने खोरे कोरून भार हलका केल्यामुळेही एव्हरेस्ट काही मीटर उंचावले असावे, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन सांगते.

यावरून कोणी असे समजू नये, की डोंगर आपोआप भरून येतात, तेव्हा झाडे तोडली तरी चिंता नाही. वर येतो तो खडक; माती नव्हे. खडकाची माती होण्यास शतके लागतात, आणि उघड्या उतारावरून ती चार पावसाळ्यांत धुऊन जाते. पूर्वी अशी माती निदान खालच्या मैदानास तरी लाभत असे. आता तिच्यातील पुष्कळ भाग १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणात अडून राहतो. म्हणून गावाकडे ज्यांची उताराची शेते आहेत, त्यांनी पावसापूर्वी बांध नीट करावेत आणि कडेची झाडे राखावीत. पर्वत सांभाळण्यास पृथ्वी समर्थ आहे; वीतभर माती सांभाळणे मात्र आपल्या हाती आहे.