सरासरीत बुडालेले पूर

स्पीड टेस्ट शंभर एमबीपीएस दाखवते. इंटरनेटवाला त्याच्या स्क्रीनवरचा आलेख पुढे करून ‘लाइन वीस टक्केच भरलीय’ म्हणतो. तरीही व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा चेहरा अडकतो तो अडकतोच. खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. घोळ नोंद ठेवण्याच्या पद्धतीत आहे.

हे आलेख जगभर रुळले ते टोबियास ओटिकर यांच्या एमआरटीजी या मोफत प्रोग्राममुळे. १९९४ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका विद्यापीठात ते काम करत होते, तिथे हजारांहून जास्त कॉम्प्युटरांत ६४ किलोबिटची एकच लाइन होती. राउटरमधला मोजणारा आकडा दर पाच मिनिटांनी वाचायचा, मागचा आकडा वजा करायचा आणि रेघ काढायची, एवढंच त्यांच्या प्रोग्रामचं काम. डिस्क भरू नये म्हणून जुन्या नोंदी आटवल्या जात: आठवड्यासाठी अर्ध्या तासाची सरासरी, महिन्यासाठी दोन तासांची, वर्षासाठी पूर्ण दिवसाची. काटकसर देखणी आहे, पण पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद. त्यात लाइन ६० सेकंद पूर्ण तुंबली आणि २४० सेकंद ओस पडली, तरी नोंद वीस टक्क्यांचीच! दोन तास येणाऱ्या नळाची चोवीस तासांची सरासरी काढली, तर धार कधी बंदच होत नाही, तसं हे.

टेलिफोनच्या काळात सरासरीनं काम भागत असे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या आग्नर एरलांग यांनी १९०९ मध्ये दाखवून दिलं, की कॉल एकमेकांशी संबंध न ठेवता येतात आणि त्यांचं गणित मांडता येतं. असे हजारो कॉल एकत्र केले की चढउतार विरतात, रेघ सपाट होते. (हे गृहस्थ केबलमधले भटके विद्युतप्रवाह मोजायला शिडीवाला कामगार सोबत घेऊन स्वतः मॅनहोलमध्ये उतरत. मोजणीवर अशी माया हवी!)

कॉम्प्युटरची वाहतूकही अशीच वागणार, असं सगळे धरून चालले होते. न्यू जर्सीतल्या बेलकोर प्रयोगशाळेनं मात्र सरासरी न काढता डेटाचं पॅकेट न् पॅकेट वेळेसकट टिपलं. २९ ऑगस्ट १९८९ ला सकाळी ११.२५ ला सुरू केलेल्या एका नोंदीत दहा लाख पॅकेटं भरायला तासही लागला नाही. लेलँड, ताक्कू, विलिंगर आणि विल्सन यांनी या नोंदींचे आलेख काढले. एका सेकंदाच्या शंभराव्या भागाचा हिशेब घ्या किंवा शंभर सेकंदांचा, खडबडीतपणा तोच! रेघ सपाट होईचना.

हा खडबडीतपणा मोजायला त्यांनी जे माप वापरलं, ते नाईल नदीकाठचं होतं. इंग्रज जलशास्त्रज्ञ हॅरल्ड हर्स्ट १९०६ मध्ये इजिप्तला गेले. नाईलचं पाणी वर्षानुवर्षं पुरवायचं तर जलाशय केवढा हवा, हा त्यांचा प्रश्न. कैरोजवळच्या रोडा बेटावर इसवी सन ६२२ पासूनच्या नदीपातळीच्या नोंदी होत्या. त्या चाळल्यावर त्यांना दिसलं, की पुराची वर्षं एकामागोमाग येतात, दुष्काळाचीही तशीच. त्यामुळे नेहमीच्या गणितापेक्षा कितीतरी मोठं धरण लागतं. १९५१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. राउटरमध्येही पॅकेटं थोपवणारा छोटा जलाशय असतोच, बफर. तो भरला की जादा पॅकेटं सरळ फेकली जातात, आणि चेहरा अडकतो. हर्स्ट एमआरटीजीच्या त्याच लेस्टरजवळचे, हा योगायोग मला फार आवडतो. संगणकशास्त्राच्या वर्गात मात्र त्या मापाला दिलेलं त्यांच्या नावाचं ‘एच’ हे अक्षर तेवढं उरतं, माणूस आणि नदी दोन्ही गळतात.

म्हणून ‘९९.९ टक्के सेवा’ अशा जाहिरातींवर माझा फारसा जीव नाही. उरलेला ०.१ टक्का म्हणजे महिन्याला ४३ मिनिटं; ती मध्यरात्री गेली की ऑनलाइन परीक्षेच्या वेळी, हे त्या आकड्यात नसतं.

तेव्हा तक्रार करताना स्पीड टेस्टचा फोटो पाठवू नका. माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिलेली ‘पिंग’ ही आज्ञा जवळपास प्रत्येक कॉम्प्युटरवर असते. संध्याकाळी कॉल अडखळत असताना ती दहा मिनिटं चालू ठेवा. शेवटी पॅकेट जाऊन परत यायला लागलेल्या वेळेचे किमान, सरासरी आणि कमाल असे तीन आकडे दिसतील, शिवाय हरवलेल्या पॅकेटांची टक्केवारी. सरासरी सोडून द्या. कमाल वेळ आणि हरवलेली पॅकेटं कळवा.