साबुदाण्याचे माहेर

आषाढी एकादशीला तुमच्या घरी साबुदाण्याची खिचडी होत असेल. ती ताटलीत आली म्हणजे एकदा तिच्याकडे नीट पाहा. शेंगदाणा, मिरची, बटाटा आणि ज्या कंदापासून आज आपला साबुदाणा बनतो तो कंद, या चौघांपैकी एकही मूळचा आपला नाही. चौघेही अमेरिका खंडातले. कोलंबसानंतर युरोपियनांची गलबते समुद्रावर हिंडू लागली, तेव्हा ते इकडे आले. आपल्या उपवासाला सोवळ्यातले असे एक तूपच काय ते राहिले!

यांपैकी साबुदाण्याच्या कंदाचे माहेर ब्राझील. मध्यंतरी त्या देशात तीन आठवडे हिंडण्याचा योग आला. तुम्ही म्हणाल, इतक्या लांब जाऊन आलात, आणि सांगता काय, तर खाण्याच्या गोष्टी? पण परका देश समजून घ्यायचा तर त्याच्या रस्त्यावर आणि रोजच्या ताटात काय आहे, ते आधी पाहावे, असे मला वाटते.

या कंदाला तिकडे मांजिओका म्हणतात. आपल्याकडे कोणी कसावा म्हणतात, कोणी शाबुकंद. याची एक जात कडू असते आणि ती तशीच खाल्ली तर विषारी. युरोपियन लोक येण्याच्या कितीतरी आधी तिथल्या आदिवासींनी यावर तोड काढली होती. कंद किसायचा, तो कीस ‘तिपिती’ नावाच्या वेतासारख्या पात्यांच्या लांब विणलेल्या नळीत भरायचा, आणि नळी खालून ताणायची. नळी ताणली की आवळते आणि विषारी रस गळून जातो. राहिलेला चोथा मोठ्या तव्यावर परतला की त्याचे कोरडे, रवाळ पीठ होते. त्याला ‘फारीन्या’ म्हणतात. गळलेल्या रसाच्या तळाशी जे पांढरे सत्त्व बसते, ते टॅपिओका. टॅपिओका हा शब्दही तिथल्या तुपी भाषेतलाच. आपल्याकडे तमिळनाडूत सेलमच्या बाजूला याच कंदाचे सत्त्व काढतात, त्याचे गोल दाणे करून भाजतात आणि वाळवतात. तोच आपला साबुदाणा.

ब्राझीलच्या ईशान्य भागात रस्त्याच्या कडेला हे ओलसर सत्त्व कोरड्या गरम तव्यावर भुरभुरवताना तुम्हाला दिसेल. तेल नाही, वरून पाणी नाही. सत्त्वातल्या ओलीने आणि उष्णतेने कण आपोआप एकमेकांना चिकटतात आणि मिनिटभरात पांढरे धिरडे तयार होते. त्यात खवलेला नारळ आणि चीज घालून घडी करून देतात. याला बेइजू म्हणतात, कोणी टॅपिओकाच म्हणतात. मी पहिला घास घेतला आणि म्हटलं, अहो, हे तर आपल्या उपवासाला चालेल! मौज अशी की त्यातला नारळ मात्र पोर्तुगीजांनी बाहेरून तिथे नेलेला. आपला आंबा आणि फणसही असेच तिकडे गेले. फणसाला तिकडे ‘जाका’ म्हणतात, तो मल्याळममधला ‘चक्का’. देणेघेणे दोन्ही बाजूंनी झाले.

आता साल्व्हादोर शहराकडे चला. १५४९ पासून १७६३ पर्यंत ही पोर्तुगीज ब्राझीलची राजधानी होती. इथे चौकाचौकांत पांढरा घेरदार झगा आणि डोक्याला पांढरे फडके अशा वेषात बाया बसलेल्या असतात. त्यांना ‘बायाना’ म्हणतात. पुढ्यात कढई, आणि कढईत ‘अकाराजे’. चवळी भिजवून, टरफले काढून वाटायची, त्यात कांदा आणि मीठ घालून पीठ हलके होईपर्यंत फेसायचे, आणि देंदे नावाच्या लालसर ताडतेलात गोळे तळायचे. वड्याचीच रीत म्हणा ना! मग गोळा मधे चिरून त्यात भेंडीचे कालवण, तिखट आणि सुकी कोळंबी भरतात. शाकाहारी माणसाने कोळंबी घालू नका, असे आधीच सांगावे. ‘वातापा’ नावाची जी दाट चटणी भरतात, तिच्यातही वाटलेली कोळंबी असते, हे मला दुसऱ्या घासाला कळले.

हा पदार्थ पश्चिम आफ्रिकेतला. योरुबा लोक चवळीच्या तळलेल्या गोळ्याला आजही ‘आकारा’ म्हणतात. तो ब्राझीलला आला तो साखळदंडांतून. गुलाम म्हणून चाळीस लाखांहून अधिक आफ्रिकी माणसे या देशात आणली गेली. गुलामगिरी संपली ती १८८८ साली. गुलाम स्त्रियांना मालक रस्त्यावर विक्रीला पाठवीत. ठरलेली रक्कम मालकाला द्यायची, वर उरेल ते आपले. अशी पै पै साठवून काही जणींनी स्वतःची सुटका विकत घेतली. त्या कढईत काय काय तळले गेले असेल, याचा विचार करा.

पुढे २००५ साली ब्राझील सरकारने या बायांच्या व्यवसायाची राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद केली. तरीही २०१४ च्या विश्वचषक फुटबॉल सामन्यांच्या तयारीत, मैदानाजवळ त्यांना बसू द्यायचे की नाही, असा प्रश्न निघालाच. बायांनी सह्या गोळा केल्या, निदर्शने केली आणि आपली जागा मिळवली. वारशाचा कागद हातात असला तरी पोटाची जागा भांडूनच मिळवावी लागते, असा याचा अर्थ.

आणि रोजचे जेवण? भात आणि घेवड्याची उसळ. रिओत काळा घेवडा, साव पावलोत फिकट तपकिरी. दोन्ही आपल्या राजम्याची भावंडे. सोबत थोडी कोशिंबीर, परतलेली फारीन्या, आणि परवडेल तसे मांस किंवा अंडे. भातात जे प्रथिनांश कमी पडतात ते कडधान्य पुरवते, आणि कडधान्यात जे कमी ते भात. आपल्या आजीने वरणभाताची जोडी जमवली, तेच शहाणपण. मात्र एका खानावळीत मी ‘मांस नको’ म्हणून उसळ मागवली, तर तळाशी डुकराच्या चरबीचे तुकडे निघाले. वाढणारा बिचारा गोंधळला. तिकडे ‘कार्नी’ म्हटले की बहुधा गोमांसच समजतात. तेव्हा जाल तर एकेक नाव घेऊन विचारा. गर्दी असेल तिथे, कढईतून गरम निघालेलेच खा.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ब्राझीलमध्ये शाळेतल्या जेवणाची राष्ट्रीय योजना १९५५ साली सुरू झाली. २००९ च्या कायद्याने तिच्यासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशांतले निदान ३० टक्के छोट्या कुटुंबशेतकऱ्यांच्या मालावर खर्च करायचे, असे ठरवून दिले. म्हणजे गावचे कडधान्य गावच्या पोराच्या ताटात. आणि २०१४ साली तिथल्या आरोग्य खात्याने लोकांना सांगितले की कारखान्यातले पाकीटबंद खाणे टाळा, ताज्या धान्याभाज्यांचे घरचे जेवण जेवा. भात आणि घेवडा त्यात आलाच.

ज्या अन्नाला एके काळी गुलामांचे आणि गरिबांचे म्हणून नाक मुरडले गेले, ते आज त्या देशाचे भूषण झाले आहे. आपल्याकडे पाहुणे आले की चवळीची उसळ आणि ज्वारीची भाकरी आपण मागे सारतो आणि पाकिटातली बिस्किटे पुढे करतो. पुढच्या वेळी हात थांबला, तर बरे.

आणि हो, एकादशीच्या दुसऱ्या दिवशी वर्गात जगाचा नकाशा लावा. मुलांना विचारा, काल तुमची खिचडी कुठून कुठून आली?