वर्गाची पट्टी

संध्याकाळी सहाचा वर्ग. सतरंजीवर दहा-बारा मुलं-मुली, ऑफिसातून थेट आलेल्या दोघी आणि एक निवृत्त काका. बाई पेटीपुढे बसतात आणि काळी चार दाबतात. मुली, बायका आणि आवाज न फुटलेली लहान मुलं त्या षड्जात सहज मिसळून जातात. काका गप्प. त्यांचा षड्ज काळी एकला. कोपऱ्यात चौदा वर्षांचा एक मुलगा बसलाय, त्याचा आवाज गेल्या दोन महिन्यांत फुटलाय. परवापर्यंत जो तार षड्ज हसत लागायचा, तो आता चिरकतो. बाई त्याच्याकडे न बघताच सांगतात, "वरचा सा ओढू नकोस रे. खाली गा, सावकाश गा. जातील हे दिवस." काकांना त्या साडेसातला थांबवून घेणार, तेव्हा पेटीवर काळी एक येईल.

गुरूसमोर एकटा शिष्य बसतो तेव्हा पट्टी त्याच्या गळ्याची असते. वर्गात ती सगळ्यांची मिळून ठरवावी लागते, आणि ती कुणाच्याच गळ्याला पुरती बसत नाही. संगीत विद्यालय नावाच्या गोष्टीची अडचण मला यात दिसते, आणि तिचं मोठेपणही यातच दिसतं.

गावोगावी, गल्लोगल्ली चालणाऱ्या अशा वर्गांचं मूळ बरंचसं एका माणसापाशी जातं. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. जन्म १८७२, कुरुंदवाडचा, वडील कीर्तनकार. लहानपणी दारूकामाने डोळे अधू झाले, शाळा सुटली, आणि मुलाला मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गायला ठेवलं. बुवांनी स्वतः विद्या मिळवली ती ग्वाल्हेरला जाऊन, हस्सूखाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून. हे मुद्दाम सांगतो, कारण आज वर्गात जो ख्याल शिकवला जातो त्याच्या वंशावळीत खाँसाहेबांची नावं आहेत आणि ती विसरता कामा नयेत.

१८९६ साली विष्णुबुवांनी मिरज सोडली. बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असं गात गात ते पंजाबात पोचले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. गाण्याची शाळा ही कल्पना तेव्हा अगदीच नवी नव्हती. बडोद्यात मौलाबक्षांची गायनशाळा त्याआधीच चालू होती, पण तिच्यामागे सयाजीराव महाराज होते. लाहोरच्या शाळेमागे दरबार नव्हता. जलशांची तिकिटं, लोकांच्या देणग्या आणि बुवांचा स्वतःचा गळा, यावर ती उभी राहिली. वेळापत्रक, इयत्ता, पुस्तकं, छापखाना, वाद्यदुरुस्तीचा कारखाना असा तिचा पसारा वाढत गेला. १९०८ मध्ये मुंबईची शाखा निघाली. तिथे पुढे सँडहर्स्ट रोडवर मोठी इमारत उठली, कर्ज चढलं, फिटेना, आणि अखेरीस वास्तूचा लिलाव झाला. बुवा नाशिकला रामनाम घेत राहिले. १९३१ च्या ऑगस्टमध्ये मिरजेतच गेले.

इमारत गेली तरी विद्यालय बुडालं नाही, कारण बुवांनी त्याआधीच एक वेगळी तजवीज करून ठेवली होती. तिचं नाव उपदेशक वर्ग. फी भरून तासापुरते येणारे विद्यार्थी वेगळे, आणि बुवांजवळ राहून, तिथेच जेवून, वर्षानुवर्षं शिकणारे हे वेगळे. यांनी पुढे शिकवायचं, हे आधीच ठरलेलं. आपण पलुस्करांच्या शिष्यांची नावं घेतो ती मैफिलीतली: ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास. पण ओंकारनाथ विशीच्या आसपास असतानाच लाहोर शाखेचे मुख्य झाले होते, हे कमी जणांच्या लक्षात राहतं. गवयी तयार करणारे गुरू आपल्याकडे पुष्कळ झाले. शिक्षक तयार करायचे, तेही ठरवून, ही दृष्टी दुर्मीळ होती. बुवांच्या सगळ्या कामात मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

विनायकबुवांचंच पाहा. १९२२ पासून ते गंधर्व नाटक मंडळीत होते, खुद्द बालगंधर्वांसमोर नायक म्हणून उभे राहत होते. नाव होतं, टाळ्या होत्या, वन्स मोअर होते. गुरू गेले आणि वर्षाच्या आत त्यांनी रंगभूमी सोडली. ८ मे १९३२ रोजी पुण्यात त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. शनिवार पेठेत मेहुणपुऱ्यात ते आजही आहे. ज्या माणसाच्या तराण्यासाठी लोक रात्र जागवत, तो दिवसा नवशिक्यांकडून अलंकार घोटून घेत होता. ‘रागविज्ञान’चे सात भाग त्यांनी लिहिले ते याच शिकवण्याच्या गरजेतून; ते हाताशी घेऊन पुढच्या पिढ्यांतल्या कितीतरी शिक्षकांनी वर्ग चालवले. आणि याच विद्यालयात विष्णु दिगंबरांचा पोरका झालेला मुलगा, दत्तात्रेय, घडला. दहाव्या वर्षी वडील गेलेले. चौदाव्या वर्षी तो जालंधरच्या हरवल्लभ मेळ्यात गायला. डी. व्ही. पलुस्करांचा तो नितळ, कुठेही न ओढलेला आवाज ऐकताना मला शिकवणाऱ्यांचे हात दिसतात.

मुंबईत बा. र. देवधरांनी १९२५ मध्ये स्कूल ऑफ इंडियन म्युझिक काढलं होतं. देवधर आवाजाच्या शास्त्राचा अभ्यास करणारे. गळा कसा चालतो, कशाने बिघडतो याचा विचार करणारे. कोपऱ्यातल्या त्या चौदा वर्षांच्या मुलाला "ओढू नकोस" हे सांगण्यामागे असल्या अभ्यासाची पुण्याई असते. त्यांच्याकडे विविध घराण्यांचे उस्ताद येत, गात, बसत, आणि विद्यार्थी ते ऐकत. त्याच शाळेत कर्नाटकातून एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा आला आणि पुढे तिथेच शिकवूही लागला. तो कुमार गंधर्व. वर्गात सगळे एका साच्याचे होतात असं म्हणणाऱ्यांनी या मुलाकडे जरूर पाहावं.

आता पुस्तकांविषयी, म्हणजे त्यांतल्या स्वरलिपीविषयी थोडं. पलुस्कर पद्धतीत स्वरावर टिंब दिलं तर तो मंद्रातला. तार सप्तकासाठी वर उभी रेघ. दुसऱ्या प्रचलित लिपीत, म्हणजे भातखंडे पद्धतीत, नेमकं उलट, वरचं टिंब म्हणजे तार. त्यामुळे एका वर्गातून दुसऱ्या वर्गात गेलेलं मूल वहीत बघून खालचा नी भलताच वर लावतं. पलुस्करांच्या लिपीत प्रत्येक स्वराखाली मात्रेची खूण, एका मात्रेला आडवी रेघ, अर्धीला शून्य. समेला १, खालीला अधिक. लिहायला किचकट म्हणून भातखंड्यांची सुटसुटीत लिपी जास्त पसरली. कुठलीही लिपी घ्या, मींड कागदावर उतरत नाही. बाई गाऊन दाखवतात तेव्हाच ती कळते, म्हणून चांगला शिक्षक वही मिटायला लावतो.

विद्यालयांवर एक आक्षेप मला खरा वाटतो. गाणं सभ्य घरांत यावं म्हणून चिजांमधले शृंगाराचे शब्द काढून भक्तीचे घातले गेले. मध्यमवर्गीय मुलींना दार उघडलं, आणि त्याच सभ्यतेच्या उंबरठ्यावर पिढीजात गाणाऱ्या बायका बाहेर राहिल्या. वर्गात बसलेल्या मुलीला हेही शिकवलं पाहिजे. मात्र तासात बांधलेल्या विद्येतून गवई होत नाही, हा नेहमीचा आक्षेप मला पटत नाही. विष्णुबुवांचं म्हणणं सांगतात ते असं, की आपल्याला तानसेन नाही तर कानसेन घडवायचे आहेत. सवाई गंधर्व महोत्सवात पूर्वी थंडीत रात्र काढणारे, समेवर नेमकी मान हलवणारे हजारो लोक कुठून आले असतील? कितीएकांनी कधीतरी दोन-तीन वर्षं अशाच सतरंजीवर भूप गायलेला असणार.

अशा वर्गांच्या परीक्षांचा डोलारा सांभाळतं ते अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ, पलुस्कर गेले त्याच वर्षी शिष्यांनी उभारलेलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. गायन, तबला, पेटी, कथक. वर्षातून दोन सत्रं. परदेशी राहणाऱ्या मराठी घरांतल्या मुलीही या परीक्षा देतात.

आमच्या बाई विशारद आहेत, रेडिओवर कधी गेल्या नाहीत. दुपारी तंबोऱ्याच्या घोडीवरचा दोरा सरकवत बसतात, जव्हारी खुलेपर्यंत. एका मुलीचा पंचम नेहमी चढतो हे त्यांना तिचा आवाज ऐकायच्या आधी, तिच्या मानेवरून कळतं. तिला त्या फक्त म्हणतात, "हनुवटी खाली." सूर जागेवर येतो. हे कुठल्या क्रमिक पुस्तकात नाही.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक बाहेरचे असतात. बाई व्हरांड्यातल्या बाकावर बसतात, मांडीवर पर्स. आतून प्रश्न येतो, "पट्टी कोणती?" उत्तर येतं, "काळी चार." मग तीनताल सुरू होतो, आणि बाईंचा उजवा हात पर्सवर टाळी, खाली, टाळी मोजू लागतो. छोटा ख्याल आहे, भूपातला. पहिल्या आवर्तनात मुलगी समेच्या जरा आधीच येते. बाईंचा हात थांबतो. दुसऱ्या आवर्तनात ती बरोबर समेवर येते, आणि हात पुन्हा चालू लागतो.