राजेश खन्नाच्या गर्दीत हरवलेले

सत्तरच्या दशकाची सुरुवात म्हटलं की 'आनंद', 'पाकीजा', 'बॉबी'. बस्स. पण भाड्याच्या जागेसाठी एजंटच्या मागे फिरून पाय दुखले असतील, तर माझं ऐका, या वीकएंडला 'दस्तक' बघा.

१९७०चा हा सिनेमा राजिंदरसिंग बेदींनी स्वतःच्याच रेडिओ नाटकावरून केला. हमीद आणि सलमा. नवं लग्न, मुंबईत जागा मिळाल्याचा आनंद. आणि रात्री दारावर थाप. कळतं असं, की इथे आधी मुजरा करणारी बाई राहायची आणि तिच्या गिऱ्हाइकांना ती गेल्याचा पत्ताच नाही. बरं, सोडून जावं तर दुसरी जागा परवडणार कशी? हमीद साधा कारकून. सलमाला गाण्याची आवड, पण तिने गळा उघडला की आजूबाजूच्यांचा संशय पक्का! मला बाहेरच्या थापांपेक्षा घरातल्या दोघांमध्ये साचत जाणाऱ्या चिडचिडीची जास्त भीती वाटली.

संजीवकुमार, रेहाना सुलतान आणि संगीतकार मदनमोहन, तिघांनाही या सिनेमासाठी नॅशनल अवॉर्ड मिळालं. रेहाना पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेली. त्याच वर्षी 'चेतना'त तिने वेश्येची भूमिका केली आणि इंडस्ट्रीने तिच्यावर 'बोल्ड'चा शिक्का मारला तो मारलाच. म्हणजे सलमाच्या शेजाऱ्यांनी केलं तेच की!

जागेचंच दुखणं, पण हसत हसत, हवं असेल तर बासू चटर्जींचा 'पिया का घर' (१९७२) आहे. गावाकडून आलेली जया भादुरी, चाळीतलं भरलेलं घर आणि नवरा-बायकोच्या वाट्याला रात्री स्वयंपाकघर. मूळ माल आपलाच, राजा ठाकूरांचा 'मुंबईचा जावई' (१९७०).

तिसरा मात्र मूड बघून लावा. '२७ डाउन' (१९७४). संजयला चित्रकार व्हायचंय, वडील त्याला रेल्वेत चिकटवतात. तिकीट चेकर. गाडीतच एलआयसीत नोकरी करणारी शालिनी (राखी) भेटते, पण तिच्या पगारावर तिचं घर चाललंय आणि त्याच्या वडिलांनी दुसरीकडे लग्न ठरवलंय. हुंड्यात म्हशी! सिनेमा संथ आहे, आधीच सांगते. पण ए. के. बीरच्या कॅमेऱ्यातली व्हीटीची गर्दी बघून रोजचा ८.१२चा डबा आठवतो. दिग्दर्शक अवतार कृष्ण कौल १९७४ मध्येच बुडून गेला. त्याचा हा एकमेव फीचर सिनेमा.